पूजेला ठेवलेला चाकू

सोयराबाईच्या कमरेला, निऱ्या खोचतात तिथे डाव्या अंगाला, एक घडीचा चाकू असायचा. मिटला की करंगळीहून थोडा मोठा, उघडला तरी वितीला कमीच. मूठ अल्युमिनियमची, आणि वजन असं की घरच्या किल्ल्यांचा जुडगा त्याहून जड. तिच्या आप्पांनी तो बंगळुरात, चामराजपेटेतल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात वीस वर्षं वापरला आणि लेक पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या रबर कारखान्यात लागली तेव्हा तिच्या हातात दिला. बाईमाणसाला चाकू कशाला, असं आईने विचारलं होतं. "भाजी कापायला," आप्पा म्हणाले.

भाजी त्याने कधीच कापली नाही. कारखान्यात मात्र त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं. साच्यातून निघालेल्या रबरी वायसरांच्या कडेला फाजील रबर उरतं. ते कापून टाकायचं, दिवसाला हजारो वायसर, हे तिचं काम. कंपनी त्यासाठी दाढीची पाती द्यायची, तीही अर्धी मोडून. ती बोटात घुसायची. सोयराबाईने पहिल्याच आठवड्यात ती पाती खोक्यात टाकली आणि स्वतःचा चाकू काढला. तेव्हापासून "अक्का, चाकू" ही हाक कारखान्यात घड्याळापेक्षा नेमाने वाजायची. खोक्याची पट्टी कापायची, अक्का. पेरू पाच जणींत वाटायचा, अक्का. सुपरवायझर प्राणेशला पेन्सिलीला टोक हवं, अक्का. एकदा घरी जाताना एका बाईचा पदर बसच्या फाटक्या पत्र्यात अडकला, गाडी चालू, बाई पायरीवर लोंबकळलेली. कंडक्टर शिट्टी शोधत राहिला आणि सोयराबाईने पदराचं टोक उडवून बाईला आत घेतलं. ती बाई लुगडं फाटलं म्हणून यशवंतपूर येईपर्यंत हिलाच बोलत होती. असे लोक.

त्या चाकूचं कुणाला भय वाटलं नव्हतं. मालकालाही नाही. मालकाची टपालाची पाकिटं तिनेच कितीदा फोडून दिली होती.

शहाण्णव सालच्या दसऱ्याआधीचा बुधवार. रबर मळायचं मोठं यंत्र, दोन लोखंडी रोल एकमेकांकडे फिरतात ते, विश्वेश्वर चालवायचा. तो सणाला गावी गेला होता. प्राणेशने त्याच्या जागी सौम्याला उभं केलं. सौम्या एकोणीस वर्षांची, नोकरीला तीन महिने, त्या यंत्रापाशी ती आयुष्यात कधी उभी राहिलेली नव्हती. काय अवघड आहे, रबर टाकायचं, काढायचं, प्राणेश म्हणाला. ओढणी तिने कमरेला गुंडाळली होती. एक टोक सुटलं आणि रोलने धरलं. ती धरायला पोरीने हात घातला. कुणीही घातला असता.

सोयराबाई वीस पावलांवर होती. चाकू हातात उघडाच होता, कारण ती काम करत होती. ती पळाली, पण तिने आधी ओढणी कापली नाही. यंत्राच्या डोक्यावर आडवा जो सेफ्टी बार असतो, जो नुसता ढकलला की रोल थांबतात, तो एका निळ्या नायलॉनच्या सुतळीने चौकटीला आवळून बांधलेला होता. तिने ती सुतळी कापली, बार ढकलला, आणि रोल थांबले. मग ओढणी कापली. त्या घाईत पातं पोरीच्या मनगटाला चाटून गेलं. पण बोटं त्याआधीच गेली होती. दोन पूर्ण, तिसरं अर्धं.

सुतळी कुठे बांधलीय हे तिला शोधावं लागलं नाही. हीच गोष्ट तिला पुढे झोपू देईना.

कारण ती सुतळी जूनमध्ये तिनेच कापून दिली होती. बार नाजूक, जरा कोपर लागलं की यंत्र बंद. यंत्र बंद पडलं की रबर उशिरा, साचे उशिरा, आणि सगळ्यात शेवटी कडा कापणाऱ्या, ट्रिमिंगच्या बाया उशिरा. सहाची बस चुकायची. एक दिवस प्राणेश वैतागून आला आणि म्हणाला, "अक्का, स्वल्प सुतळी काप." तिने हातभर मोजून कापली, टोक उसवू नये म्हणून काडीने जाळून दिलं, आणि तो बांधत असताना बार धरूनही ठेवला. प्राणेशची गाठ वेगळी असते. तीन वेढे, उरलेलं टोक वेढ्यांच्या आत परत खोचलेलं, वरून बघणाऱ्याला गाठ दिसतच नाही. त्याचे वडील मठात सोवळ्याची गाठोडी बांधायचे, त्यांच्याकडून शिकलो, असं तो कौतुकाने सांगायचा. त्या संध्याकाळी तिला सहाची बस मिळाली. पुढेही रोज मिळाली. तिने त्या सुतळीकडे पुन्हा मान वर करून पाहिलं नाही.

बुधवारी सौम्याला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. सोयराबाई परत आली तर फरशी धुतलेली, रोल पुसलेले. सुतळीचा तुकडाही कुठे नव्हता.

शनिवारी कारखान्यात आयुधपूजा. बंगळुरात हा सण लोखंडाचा. रिक्षापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला झेंडू चढतो. रबर मळायच्या यंत्राला नवा हिरवा रंग दिला होता, आणि बारला पिवळा. बारवर झेंडूची माळ इतकी जाड की खाली कधी काही बांधलं होतं असं कुणाला स्वप्नातही वाटू नये. केळीचे खुंट दोन्ही बाजूंना. ऑफिसच्या बाजूच्या खोलीत लाल कापड अंथरून नट आवळायचे पाने, हातोड्या, मोजमापाची साधनं मांडली होती.

प्राणेश तिच्याकडे आला. अंगावर रेशमी उपरणं, कपाळाला उभी रेघ. "अक्का," तो म्हणाला, "पोरीचा जीव तुझ्या चाकूने वाचवला. मालक म्हणतात, यंदा पहिलं कुंकू त्यालाच."

सोयराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. येणारच. बारा वर्षांत त्या कारखान्यात तिच्या कुठल्याच गोष्टीला कुणी मान दिला नव्हता. तिने चाकू धुतला, पुसला, दोन्ही हातांनी लाल कापडावर ठेवला. मालकाने खरंच पहिलं कुंकू त्याला लावलं. पूजेला मांडलेलं हत्यार उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. घरी तीनशे वर्षं हेच चाललं होतं. खोलीला कुलूप लागलं, सगळ्यांना चुरमुरे आणि लाडू मिळाले, आणि ती पहिल्यांदाच चाकूशिवाय बसमध्ये चढली. कारखाना दसरा उरकून थेट मंगळवारी उघडणार होता.

घरी खंडेनवमीला तलवार निघाली. नवऱ्याचे, मालोजीरावांचे, पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले म्हणे. तलवार त्यांची. वर्षभर ती ट्रंकेत, जुन्या धोतरात. गंज खाऊन तिची करवत झाली होती. ह्या तलवारीने गेल्या तीन पिढ्यांत काकडीसुद्धा कापलेली नाही, पण तिच्यापुढे नारळ, धूप, आरती, आणि मालोजीरावांची छाती. नारळाची शेंडी सोडवायला सोयराबाईचा हात कमरेला गेला आणि रिकामा परत आला. तिने शेंडी दाताने तोडली.

मंगळवारी ती वेळेआधी पोचली. लाल कापडावर सगळं तसंच होतं. सुकलेली फुलं, लोखंडी पाने, हातोड्या, अक्षता. फक्त चाकूच्या जागी अक्षतांमध्ये एक लांबट रिकामी जागा होती, कुणीतरी जपून उचलल्यासारखी.

चाकू मालकाच्या टेबलावर होता. पारदर्शक पिशवीत, पिशवीला चिठ्ठी, पात्यावर कुंकू अजून तसंच होतं. शेजारी इंग्रजीत टाइप केलेला कागद. मालक खिडकीकडे बघत बसले होते. प्राणेशने तो कागद कन्नडमध्ये समजावून सांगितला, आवाज अगदी मऊ ठेवून. सोयराबाईने नियमाविरुद्ध खाजगी चाकू कारखान्यात आणला. बुधवारी ती चालू यंत्रापाशी सौम्याच्या ओढणीचा सुटा धागा त्या चाकूने कापत होती. त्यामुळे सौम्याचं लक्ष उडालं आणि हात आत गेला. मनगटावर चाकूची जखम आहेच, डॉक्टरांनी लिहिलीय. गुरुवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार. तोवर सही झाली तर फक्त ताकीद, नोकरी शाबूत. नाही झाली, तर हत्यार घेऊन कारखान्यात शिरल्याची पोलीस तक्रार.

ती ऐकत राहिली. ह्यात सगळ्यात वाईट काय होतं, तर ते खोटं इतकं खऱ्यासारखं होतं. सौम्याचे सुटे धागे तिनेच कितीदा कापले होते. अपघाताच्या आधल्या दिवशीच कापला होता. साऱ्या कारखान्याने पाहिलं होतं.

"बार बांधलेला होता, सार," ती म्हणाली.

"कुठला बार? जाऊन बघ. मोकळा आहे." प्राणेशने कागद तिच्याकडे सरकवला. "आणि अक्का, समजा बांधला होता. सुतळी कुणी कापून दिली?"

मालक तेव्हाही खिडकीकडेच बघत होते.

तिने एक दिवस मागून घेतला. संध्याकाळी ती थेट हॉस्पिटलला गेली. सौम्या उशीला टेकून बसली होती, हाताचं बोचकं उशीवर. उशाशी सफरचंदांची टोपली, वर गुलाबी कागद. प्राणेश सार सकाळी येऊन गेले, सौम्याच्या आईने सांगितलं, देवमाणूस. सोयराबाई स्टुलावर बसली. कशी आहेस, दुखतं का, असं विचारण्यात तिने बराच वेळ काढला. आई पाणी आणायला गेली तेव्हा पोरगी हळूच म्हणाली,

"अक्का, सार म्हणतात तू माझा धागा कापत होतीस. मला काही आठवत नाही. कापत होतीस का?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. नाही हे खरंही होतं. पण ती पोरगी तिच्याकडे अशी बघत होती की अर्धं खरं सांगून उठणं सोयराबाईला जमेना.

"नाही," ती म्हणाली. "मी माझ्या जागेवर होते. यंत्र थांबलं नाही कारण बार बांधलेला होता. बांधला प्राणेशने. सुतळी मी कापून दिली, जूनमध्ये. मला सहाची बस पाहिजे होती."

सौम्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. आई पाणी घेऊन आली, म्हणाली, सफरचंद तरी खा, आणि कापायला काही आहे का म्हणून इकडेतिकडे शोधू लागली. सोयराबाईने टोपलीकडे पाहिलं आणि ती उठून निघाली.

रात्रीचं जेवण होईपर्यंत मालोजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ताकीदच तर आहे, एक कागद. पोरीला तिचं जे मिळायचं ते मिळेल न मिळेल, ते कोर्टाचं काम. आपली पोरगी रक्षिता यंदा पीयूसीला, बारावीत आहे. पोलीस दारात आले तर चामराजपेटेत तोंड दाखवायची सोय राहील का? मराठ्याच्या घरातली बाई चाकू घेऊन फिरते म्हणतील.

"फिरतेच," ती म्हणाली.

"तेच सांगतोय मी."

"तुमची तलवारही ट्रंकेतनं काढून दुसरीकडे लपवा मग. तीही हत्यारच की. पोलीस आले तर तीच आधी दिसेल."

मालोजीरावांचा घास हातात राहिला. "तलवारीला मध्ये आणू नकोस. तिने राज्यं राखली."

"माझ्या चाकूने एका पोरीची दोन बोटं राखली. आणि तीन घालवली." ती ताटावरून उठली. "सांगा, आता ह्याला कसली पूजा घालू."

ह्या प्रश्नाला मालोजीरावांच्या घराण्यात उत्तर नव्हतं. ते हात धुवायला गेले.

सोयराबाई कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकली होती. तिने रक्षिताच्या वहीतला एक कागद घेतला आणि दिव्याखाली बसून लिहिलं. सुतळी कधी कापली, कशासाठी, किती लांब, कुणी बांधली, कशी. बुधवारी ती कुठे होती. बार कुणी मोकळा केला, कशाने. चाकू कुणाचा, आणि तो पूजेला ठेवायला कुणी मागितला. रक्षिताने दोन शब्द दुरुस्त करून दिले आणि मग हळूच विचारलं की सुतळीचं लिहिलंच पाहिजे का, अम्मा. ते काढलं तर बाकी सगळं चांगलंच दिसतं.

"तेच काढलं तर मग मीही प्राणेशच," ती म्हणाली आणि सही केली.

बुधवारी ती कामावर गेली आणि कुठलीही सही न करता संध्याकाळी परत आली. तिच्याशी कुणी बोललं नाही. पेरूच्या वाटणीला कुणी हाक मारली नाही. बाया दाढीच्या अर्ध्या पात्यांनी रबर कापत होत्या आणि बोटं तोंडात घालत होत्या. एकीने जाता जाता एवढंच म्हटलं, सही कर गं अक्का, आमची पण घरं आहेत. ते खोटं नव्हतं. सगळ्यांना सहाची बस हवी होती, आणि यंत्र सील झालं असतं तर बस सोडा, कामच नव्हतं.

गुरुवारी फाटकावरच्या हयवदनने तिला आत सोडलं नाही. तो म्हातारा वॉचमन, तोंड खाली घालून म्हणाला, वरून सांगितलंय, अक्का, मी काय करणार. ती फाटकासमोरच्या दगडावर बसली. रस्त्यापलीकडे लेथची घरघर, कुठेतरी हातोडा, आणि ह्या सगळ्यातून तिच्या कारखान्यातल्या मोठ्या यंत्राचा जड हुंकार. बारा वर्षं ऐकलेला आवाज. तो तिला झोपेतही ओळखू आला असता.

अकराला जीप आली. इन्स्पेक्टर उतरला, पन्नाशीचा, हातात फाइल. सोयराबाई उठून आडवी गेली आणि कागद पुढे केला. त्याने उभ्या उभ्या वाचला. मध्ये एकदा थांबून तिच्याकडे पाहिलं.

"सुतळी तुम्ही कापून दिली?"

"हो, साहेब."

"हे लिहिलंय म्हणजे तुमच्यावरही येणार, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे म्हणूनच लिहिलंय."

"बार आता बांधलेला आहे?"

"नाही. आता त्याच्यावर झेंडू आहे."

तो हसला नाही. कागद फाइलीत ठेवून आत गेला. मालक स्वतः दारापर्यंत आले होते, त्यांच्या मागे प्राणेश, कपाळावरची रेघ ताजी. फाटक बंद झालं.

ती ऐकत बसली. बऱ्याच वेळाने यंत्राचा हुंकार अचानक तुटला. बार ढकलला असणार कुणीतरी. पुन्हा सुरू झाला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा सुरू, तिसऱ्यांदा बंद. नुसता हात लावला की थांबतंय, उत्तम चालतंय, बघा साहेब. प्राणेश आत हेच म्हणत असणार. ज्या यंत्राने दसऱ्याआधीच्या त्या बुधवारी पोरीची हाक ऐकली नाही, ते आज बोट लावताच गप्प बसत होतं. प्रत्येक वेळी ते थांबलं की तिच्या कागदातली एकेक ओळ खोटी पडत होती, हे तिला बाहेर बसून कळत होतं. आणि तरी प्रत्येक वेळी ते थांबलं की तिला बरंही वाटत होतं. आता निदान थांबतंय.

फाटकाची छोटी खिडकी उघडली. हयवदन एक गाठोडं घेऊन बाहेर आला. तिचा एप्रन, स्टीलचा पेला, कामाच्या चपला, खोक्यात राहिलेला फणी-आरसा, सगळं जुन्या गोणपाटात घालून बांधलेलं. वर एक पाकीट खोचलेलं. कामावरून कमी केल्याचं पत्र असणार, ते फोडायची तिला घाई नव्हती. प्राणेश सारांनी आत्ताच बांधून दिलं, हयवदन म्हणाला, साहेब बाहेर यायच्या आत बाईला घेऊन जायला सांग म्हणाले. चाकू मागितला तर तो पुराव्यात आहे, देता येत नाही, असंही सांगायला सांगितलंय.

गाठोडं तिने मांडीवर घेतलं. सोडून बघावं, पेला आहे की नाही, म्हणून सवयीने हात कमरेला गेला, आणि तिथे काही नव्हतं. मग तिने गाठ नखांनी चाचपली. टोक सापडेना.

तिने खाली वाकून नीट पाहिलं.

निळी नायलॉनची सुतळी. तीन वेढे. उरलेलं टोक वेढ्यांच्या आत परत खोचलेलं.

चार वर्षांच्या पोरानेही केली नसती ती चूक प्राणेशने केली होती, कारण गाठोडं बांधताना माणूस विचार करत नाही, हात आपलं आपण बांधतात. तिच्या कागदात हीच गाठ लिहिलेली होती, वेढ्यांच्या संख्येसकट. ह्याने बार बांधला होता हे सिद्ध होत नाही, एवढं तिलाही कळत होतं. पण लिहिलेलं एक तरी अक्षर आता मांडीवर घेऊन बसता येत होतं.

"अक्का, सोडून देऊ का?" हयवदनने खिशातून ब्लेड काढलं. "कापतो, दे."

"हात लावू नका, अण्णा," सोयराबाई म्हणाली. "साहेब बाहेर येईस्तोवर ही गाठ अशीच राहू दे."

हयवदनने ब्लेड परत खिशात टाकलं आणि तिच्यासाठी दगडाला सावली येईल असं फाटकाचं एक दार अर्धं ओढलं. आत यंत्र पुन्हा सुरू झालं. ती गाठोड्यावर दोन्ही हात ठेवून फाटकाकडे बघत राहिली.